घरकुलाचा हप्ता कुठं अडतो आणि कसा सोडवायचा

मी आटपाडी तालुक्यातला गवंडी. माणगंगेच्या दोन्ही अंगाच्या गावांत आणि खाली जतपर्यंत जी घरं मी बांधतो, त्यांत घरकुलंच जास्त. लाभार्थ्याच्या खात्यावर हप्ता पडला तरच माझ्या माणसांची हजेरी निघते. त्यामुळं विटा-सिमेंटाबरोबर पंचायत समितीतले कागदही मला शिकावे लागले. जोत्यावर थांबलेली, लिंटलवर (दार-खिडक्यांवरच्या पट्टीवर) सळया गंजत पडलेली घरं आमच्या भागात गावोगाव दिसतात. त्या घरातली माणसं पावसाळा पत्र्याच्या आडोशाला काढतात. ते बघवत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी पक्की करा. हप्ता तुमच्या भिंतीची उंची बघून पडत नाही. संगणकावर त्या भिंतीचा फोटो चढला, तो मंजूर झाला आणि खात्याचा तपशील जुळला, म्हणजे पडतो. भिंत उभी असून नोंद नसेल तर सरकारच्या लेखी भिंत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या आधी पुढच्या टप्प्याची नोंद तयार ठेवायची. खाली जे सांगतो ते सगळं त्यासाठीच.

नाव कुठल्या यादीत आहे ते बघा

जुनी माणसं अजून 'इंदिरा आवास'च म्हणतात. ती योजना जाऊन १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून झालेली यादी म्हणजे प्रपत्र ब. तिच्यात राहून गेलेल्यांची २०१८ च्या आवास प्लस सर्वेक्षणातून झालेली यादी म्हणजे प्रपत्र ड, जिला सगळे 'ड यादी' म्हणतात. त्यानंतर आवास प्लस २०२४ चं नवं सर्वेक्षण झालं. ग्रामपंचायतीत जाऊन 'माझं नाव आहे का' एवढंच विचारू नका. कुठल्या यादीत आहे, कितव्या क्रमांकावर आहे आणि ग्रामसभेच्या ठरावात ते कायम आहे की वगळलंय, हे विचारा. वगळलं असेल तर कारण लेखी मागा. जिल्हा पातळीवर अपील समिती असते, पण अपिलात कारणाला उत्तर द्यावं लागतं. कारणच माहीत नसेल तर उत्तर कशाला देणार?

आमच्याकडं वगळण्याचं सगळ्यांत मोठं कारण जमीन. पाच एकर किंवा जास्त जिरायत, नाहीतर अडीच एकर किंवा जास्त बागायत असली की नाव बाद. माझ्या मते दुष्काळी भागावर हा अन्याय आहे. आटपाडी-जतच्या माळावरची सहा एकर म्हणजे वाळव्यातल्या उसाच्या एका एकराचंसुद्धा उत्पन्न नव्हे. पण नियम आहे तोवर निदान सातबारा तरी खरा असू द्या. टेंभू सिंचन योजनेचं पाणी शेजारच्या शिवारात आलं आणि आपल्या कोरड्या रानाची नोंद चुकून बागायत पडली, तर ई-पीक पाहणीत खरं पीक नोंदवा आणि तलाठ्याकडून ती चूक दुरुस्त करून घ्या. दुचाकी किंवा फ्रीज असल्यामुळं नाव जायचं, ती अट आता काढलीय. महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादाही दहा हजारांवरून पंधरा हजार झालीय. 'गाडी आहे म्हणून तुमचं होत नाही' असं कोणी तोंडी सांगितलं तर ऐकून घरी येऊ नका. तीनचाकी-चारचाकी गाडी असेल तर मात्र अडचण आहेच.

जागेचा कागद याच वेळी काढून ठेवा. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, ड्रोनची मोजणी झालेल्या गावात मालमत्ता पत्रक. आठच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर भावकीची संमती लेखी घ्या, तीही पाया आखायच्या आधी. मजूर दोरी लावून उभे आहेत आणि चुलते येऊन दोरी ओढून काढतात, असा प्रसंग मी बघितलाय. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या जागेला एक लाखापर्यंत मदत मिळते. त्याचा अर्ज पंचायत समितीतच करायचा.

खातं

माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त हप्ते इथं अडलेत, म्हणून इथं जरा थांबतो.

घरकुल शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. चांगलंच आहे. पण लग्नाआधीचं नाव, सासरचं नाव, 'बाई' लावलेलं आणि न लावलेलं, असे एकाच बाईचे तीन-चार कागद निघतात. आधार, पासबुक आणि रोजगार हमीचं जॉबकार्ड या तिन्हींवर नाव एकच हवं, अक्षर न अक्षर. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा आणि बाकीचे दोन कागद त्याच्याबरोबर जुळवा. उलट क्रमानं गेलात तर परत हेलपाटा पडतो, कारण बँक आधारच बघते.

दुसरं, 'आधार लिंक आहे' असं बँकेत सांगतात तेवढ्यावर निघून येऊ नका. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसा आधारवरून कुठल्या खात्यात जायचा ती नोंद वेगळी. ही नोंद एका वेळी एकाच खात्याची असते आणि शेवटी ज्या बँकेत संमती दिली तिथं जाते. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली तेव्हा कितीतरी बायकांनी घाईनं नवी खाती काढली आणि ही नोंद तिकडं गेली. आमच्या शेजारच्या गावातल्या एका आक्कांचा पहिला हप्ता आलाच नाही म्हणून घरात महिनाभर भांडणं चालली. शेवटी पैसे तिच्या पोस्टातल्या खात्यात सापडले. ते खातं तिनं काढलं होतं खरं, पण त्याचं पुस्तक कपाटात तसंच पडून होतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. सेतू केंद्रातला पोरगाही बघून देतो, फक्त ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाईल बरोबर न्या. त्यात जी बँक दिसेल तीच घरकुलाच्या नोंदणीत आहे का, ते ताडून बघा.

तिसरं, जुनं पासबुक. २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात गेली, कॉर्पोरेशन आणि आंध्रा बँक युनियन बँकेत गेल्या. शाखा त्याच जागी, साहेबही तेच, पण आयएफएस कोड बदलले. जुन्या पासबुकाची झेरॉक्स नोंदणीला लावली की पैसे निघतात आणि परत जातात. बँकेत जाऊन पासबुक आजच्या तारखेपर्यंत भरून घ्या, पहिल्या पानावर नवा कोड छापून घ्या आणि मग झेरॉक्स काढा. बरेच दिवस व्यवहार नसलेलं किंवा केवायसी थकलेलं खातं असेल तर आधी ते चालू करून घ्या. शंभर रुपये भरून आणि काढून दाखवा. खातं जिवंत आहे की नाही ते तिथंच कळतं.

पैसा कुठून कुठं सरकतो

हे एकदा समजून घेतलं की कुणाला काय विचारायचं ते कळतं. सर्वसाधारण भागात घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यातला साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. तुमची नोंदणी पंचायत समितीत आवाससॉफ्टवर, म्हणजे योजनेच्या संगणक प्रणालीवर होते. राहत्या जुन्या घराचा आणि बांधायच्या जागेचा फोटो चढतो, खातं तपासलं जातं आणि मंजुरीचा आदेश निघतो. मग हप्त्याचा निधी हस्तांतरण आदेश बनतो, ज्याला तालुक्यात सगळे एफटीओ म्हणतात. त्यावर एकामागोमाग दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या होतात. दोन्ही सह्या झाल्या की तो पीएफएमएस या सरकारी पैसे पाठवायच्या संगणक प्रणालीतून बँकेकडं जातो आणि पैसे थेट खात्यावर पडतात. कुणाच्या हातात रोख येत नाही, चेकही येत नाही.

म्हणून पंचायत समितीत गेलात की 'माझे पैसे कधी येणार' असं विचारू नका. त्याला 'येतील' एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं असं: माझा टप्प्याचा फोटो मंजूर झालाय का? एफटीओ बनलाय का? त्याचा नंबर काय? दोन्ही सह्या झाल्यात का? बँकेकडून परत आलाय का, आणि कुठल्या कारणानं? या पाचातला कुठला तरी एक दरवाजा बंद असतो, आणि तो उघडणारा माणूस वेगळा असतो. फोटो राहिला असेल तर ग्रामीण गृहनिर्माण अभियंता. सही राहिली असेल तर गटविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय. परत आला असेल तर तुमची बँक आणि नोंदणी करणारा ऑपरेटर. सह्या होऊनही पैसा नसेल तर बहुतेक वेळा वरून निधीच आलेला नसतो. तेव्हा तालुक्याला खेटे घालून उपयोग नाही. गावातल्या बाकीच्यांचेही हप्ते थांबलेत का ते विचारा, लगेच उलगडा होतो.

योजनेच्या संकेतस्थळावर लाभार्थ्याचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजुरी, टप्पे आणि सोडलेले हप्ते घरबसल्या दिसतात. हा क्रमांक 'एमएच'नं सुरू होतो आणि मंजुरीच्या कागदावर असतो. मी माझ्या प्रत्येक लाभार्थ्याला तो घराच्या चौकटीमागं खडूनं लिहून ठेवायला सांगतो.

टप्पे आणि फोटो

मंजुरीपत्रावर कुठल्या टप्प्याला किती रक्कम ते दिलेलं असतं. ते वाचा आणि खर्चाची आखणी तेवढ्यातच करा. पहिला हप्ता लहान असतो. त्यात खोदाई आणि पायाची भरणी सुरू होते, जोतं पुरं होत नाही. जोत्यापर्यंतचे पैसे आधी जमवल्याशिवाय जुनं घर पाडू नका, ही माझी हात जोडून विनंती. आणि जुन्या घराचा फोटो चढायच्या आधी तर त्याच्या कौलालाही हात लावू नका.

घर किती मोठं बांधायचं, यावरून माझे लाभार्थ्यांशी वाद होतात. सरकारची अट किमान २५ चौरस मीटरची आहे, म्हणजे २६९ चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागाही आली. बारा बाय साडेबावीस फुटांचं घर त्यात बसतं. मी आतून मोजून तेवढं भरवतो, म्हणजे तपासणीला प्रश्न राहत नाही. पण पोरगा म्हणतो, 'आता बांधतोयच तर पाचशे फूट करू, वर मजला चढवता येईल असे कॉलम घेऊ.' हौस मला कळते. आयुष्यात एकदाच घर होतं. पण कॉलम, बीम आणि जादा सळईतच दोन हप्ते जिरतात, लिंटलला काम थांबतं, पुढचा हप्ता टप्प्यावर अवलंबून असतो आणि टप्पा गाठायला पैसा नसतो. आधी २६९ फूट पुरं करा, राहायला जा आणि शेवटचा हप्ता घ्या. वाढवायचं असेल तर एका बाजूच्या भिंतीत पुढच्या खोलीसाठी दाराची जागा सोडून देतो, मग सवडीनं वाढवा.

काळ्या रानातल्या गावठाणात पाया अर्धवट खोलीवर सोडू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत तडकवते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. जोत्यात मुरूम थराथरानं भरा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून ठोका. हा खर्च फोटोत दिसत नाही, पण घर त्याच्यावर उभं राहतं.

जोतं, लिंटल, छत आणि पूर्ण घर, या प्रत्येक टप्प्याला अभियंता येऊन मोबाईलच्या ॲपमध्ये फोटो घेतो. त्या फोटोला जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप जोडली जाते. जागा पहिल्या फोटोतलीच हवी. भावकीच्या वादानं घर पन्नास फूट पलीकडं सरकवायचं ठरलं, तर खोदायच्या आधी अभियंत्याला कळवा आणि नोंद बदलून घ्या. फोटोच्या दिवशी जोत्यावरची वाळू-खडी बाजूला करा, चारही कोपरे दिसू द्या आणि लाभार्थी स्वतः समोर उभा राहू द्या. टप्पा गाठायच्या आठवडाभर आधीच अभियंत्याला फोन करून सांगा. एका अभियंत्याकडं बरीच गावं असतात, तो आपणहून येईल म्हणून वाट बघू नका.

जत आणि आटपाडीच्या माणसांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दसऱ्यानंतर उसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) कामाला गेलेले तर वर्षातून यात्रेलाच गावी येतात. मागं दार बंद, फोटोला कोणी नाही, ओटीपीचा मोबाईल परमुलखात, आणि घर मंजुरीपासून बारा महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यामुळं टोळी निघायच्या आत निदान एक टप्पा गाठून त्याचा फोटो चढवून घ्या. घरी राहणारी आई किंवा भाऊ असेल तर कागदांचा एक संच आणि अभियंत्याचा नंबर त्यांच्याकडं ठेवा.

सव्वा लाखात घर होत नाही, मग बाकीचं कुठून

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. पण घरकुलाच्या रकमेशिवायही तुमच्या हक्काचा पैसा आहे, आणि तो न मागितल्यामुळं पुष्कळांचा बुडतो. रोजगार हमीतून तुमच्याच घराच्या कामाची नव्वद दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे २८ हजार ८० रुपये. यासाठी जॉबकार्ड घरकुलाला जोडलेलं हवं आणि काम चालू असतानाच रोजगार सेवकाकडून हजेरीपत्रक निघायला हवं. घर झाल्यावर मागचं हजेरीपत्रक निघत नाही. शौचालयाचे बारा हजार वेगळे मिळतात, आधी घेतले नसतील तर. एप्रिल २०२५ मध्ये राज्यानं प्रधानमंत्री आवास योजनेच्या टप्पा दोनमधल्या घरांसाठी आणखी पन्नास हजार जाहीर केले. त्यातले पस्तीस हजार बांधकामाला आणि पंधरा हजार छतावरच्या सौर पॅनेलला. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं ठरलं. तिचा परवाना तहसीलमधून घ्यायचा, वाहतूक मात्र आपली. वाळूची पाळी लांबत असेल तर त्यासाठी काम थांबवू नका. क्रश सँडनं बांधकाम चांगलं होतं, गिलाव्यापुरती वाळू नंतर आणता येते.

कंत्राटदाराला अख्खं घर ठरवून देऊन पासबुक त्याच्या ताब्यात देऊ नका. ही योजना लाभार्थ्यानं स्वतः घर बांधायची आहे. गवंड्याला टप्प्याटप्प्यानं मजुरी द्या, माल तुम्ही आणा, पावती तुमच्याकडं ठेवा. गवंडी असूनही हे सांगतो, कारण अर्धवट सोडून गेलेल्या माणसाचं घर पुढं मलाच पुरं करायला बोलावतात आणि तेव्हा त्या घरात पैसा उरलेला नसतो.

तरीही अडलं तर

तोंडी विचारणं एकदाच करा. दुसऱ्या वेळी गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. त्यात नोंदणी क्रमांक, टप्पा, फोटोची तारीख आणि नेमकी मागणी चार ओळींत लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. आवक शिक्का असलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो. त्याला अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा. तिथंही हललं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय: 'माझ्या नोंदणी क्रमांकाच्या एफटीओची आजची स्थिती आणि परत आला असल्यास कारण.' तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे.

फोटो चढवायला किंवा हप्ता सोडायला कोणी पैसे मागितले तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा. 'दोन हजारांनी काय होतंय, काम तर होईल' म्हणणारी माणसं मला भेटतात. दोन हजारांत सिमेंटच्या पाच-सहा गोण्या येतात. ते तुमच्या भिंतीतून काढून दुसऱ्याला देताय.

लाभार्थी मधेच वारला तर काम थांबवून बसू नका. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन लगेच ग्रामपंचायतीत जा आणि नोंद वारसाच्या नावावर करून घ्या. वारलेल्या माणसाच्या खात्यावर पुढचा हप्ता पडला तर तो काढायला घरच्यांना फार त्रास होतो.

शेवटचा हप्ता लहान असतो, म्हणून पुष्कळ जण तो मागायचा कंटाळा करतात. तसं करू नका. शौचालय, दारं-खिडक्या पुरं करून पूर्णत्वाचा फोटो चढल्याशिवाय तुमचं घर सरकारी दफ्तरात अपूर्णच राहतं. फोटो मंजूर झाला की ग्रामपंचायतीत अर्ज देऊन आठच्या उताऱ्यावर नव्या पक्क्या घराची नोंद करून घ्या, त्यात बायकोचं नाव लागलंय का ते वाचून बघा आणि पहिली घरपट्टी तुमच्या हातानं भरून पावती फायलीत लावा.